गवताचा ट्रॅक्टर

पिंपळगावचा लाल.
बोरस्त्यांच्या शेडमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या कॅरेटांपुढे,
टायरला काळं पॉलिश फासून
बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसवावा तसा.
मीटरवर अठराशे तास.
"फक्त फवारणीला वापरलाय," बोरस्ते म्हणाले,
"नांगर याला माहीतच नाही."
गुलाब मिस्त्री काही बोलला नाही.
बोनेटचा बोल्ट नखानं खरवडला,
नखात हिरवट निळं काही आलं. मोरचूद.
बोट हुंगून त्यानं पँटला पुसलं.

वाडीवऱ्हेचा निळा.
चिंचेखाली, सीटवर पोत्याची घडी,
घडीवर कोंबडी.
मालुंजकरांनी तिला हुसकलं, खालचं अंडं
स्वतःच्या टोपीत ठेवलं, आणि म्हणाले, बसा.
मीटरचा काटा शून्याच्या जरा पुढं अडकलेला.
"किती तास झालेत?"
"थोरलीचं लग्न झालं त्या साली मीटर बंद पडला.
तिला आता सून आलीय."

आमचं काम सांगते.
वैतरणेच्या रस्त्याला बावीस एकर उतार,
खाली शेडा, पवन्या,
वर टेपाडावर नुसती कुसळी,
जी दिवाळीनंतरही लुगड्यातून निघत नाही.
कार्तिकात चार दिवस सलग ऊन लागतं:
कापायचं, परतायचं, ओळी लावायच्या, गाठी बांधायच्या.
पाचव्या दिवशी आभाळ भरलं
तर तबेलेवाला फोनवरच भाव पाडतो.
तीन वर्षं भाड्याच्या ट्रॅक्टरवर काढली.
आधी मालकाचं गवत, मग त्याच्या साडूचं,
मग साडूच्या ओळखीच्यांचं.
आमच्यापर्यंत यायचा तेव्हा गवत काळं.

हिरामणला लाल हवा होता.
"दारात उभा राहिला तर बरा दिसेल."
मी खाली बसून पाहिलं.
मांडवाखालून जायचा म्हणून, पानं करपू नयेत म्हणून,
त्याचा सायलेन्सर पोटाखाली वळवलेला,
तोंड जमिनीपासून दीड वीत.
मला काळू बेंडकोळीची गंजी आठवली.
ठिणगी कुठून आली, कुणीच पाहिली नाही.
घोटीचा बंब पोचला
तेव्हा काळूची बायको राखेत काठी घालून
विळा शोधत होती.
"वेल्डर अर्ध्या दिवसात वर काढून देईल,"
हिरामण म्हणाला.
खरं होतं. देईल.

पण गवताला, मिस्त्री म्हणतो,
ताकद कमी लागते, सबुरी जास्त.
ओळ जाड आली की आपण थांबायचं
आणि मागचं यंत्र फिरत राहिलं पाहिजे,
तोंडातला घास गिळेपर्यंत.
लालाचा क्लच एकच. आपण थांबलो की सगळंच थांबतं,
मग उतरा, हातानं बोळा ओढा, बोटं सांभाळा.
निळ्याचा क्लच मी अर्धा दाबला.
चाकं थांबली.
मागचा दांडा फिरतच राहिला, शांत,
त्याला कुणी काही सांगितलंच नाही असा.
मी पाय तसाच धरून बसले, जरा जास्तच वेळ.

धूर मात्र निळा.
"ऑइल पितोय," मिस्त्री म्हणाला, "रिंगा गेल्यात.
चाळीस हजार धरून चाला."
स्टार्टर मनात आलं तर लागतो,
म्हणून तो कायम उताराला तोंड करून उभा.
एक लाख दहा. लालाचे दोन लाख चाळीस.
हिशेब मी चिंचेच्या बुंध्यावर खडूनं केला,
दोनदा चुकला.

विसार दिला.
मालुंजकरांनी नोटा न मोजता खिशात घातल्या,
टोपीतलं अंडं माझ्या तळहातावर ठेवलं.
"हे किमतीत नव्हतं," म्हणाले.

हायवेला मी चालवत होते,
अंडं पदराच्या गाठीत, मिस्त्री मडगार्डवर,
मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न, आमचा धूर त्यांच्या काचेवर.
हिरामण दुसऱ्या मडगार्डवर, तोंड फिरवून.
घोटीच्या फाट्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.
मग इंजिनाच्या वरच्या आवाजात ओरडला,
"रिंगा कधी टाकायच्या?"
"मृगाच्या आत," मी ओरडले.
त्याला ऐकू गेलं नसावं.
त्यानं पुन्हा विचारलं.